हेडफोन शेजारणीला द्यायचा

सकाळी "झोप कशी लागली?" असं विचारल्यावर "छान" एवढं उत्तर आमच्या सूनबाईला चालत नाही. "छान म्हणजे किती वेळा उठलात, अप्पा?" हा पुढचा प्रश्न तयार असतो. दोनदा उठलो म्हटलं की कशासाठी उठलात, आणि मग परत डोळा लागायला वेळ गेला का. चहाचा पहिला घोट पोटात जायच्या आत उलटतपासणी पूर्ण. मी तिला फौजदारीण म्हणायचो. तोंडावर म्हणायचो. ती हसायची, आणि हसून झालं की विचारायची, "पण पाण्यासाठी उठलात की बाथरूमसाठी?"

माझं सगळं याच्या उलट. मी उभा जन्म बसस्थानकाच्या चौकशीच्या खिडकीत बसून काढला. पाटीवर 'चौकशी' लिहिलेलं असलं तरी चौकशी लोक करायचे, मी फक्त उत्तरं द्यायचो. समोरच्याने गावाचं नाव अर्धं उच्चारलं की फलाट आणि वेळ सांगून मी मोकळा. मान वर करायचीसुद्धा गरज पडत नसे. बरोबरचे लोक मला वेळापत्रक म्हणायचे आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. 'माहीत नाही' हे शब्द त्या खिडकीतून मी कधी बाहेर पडू दिले नाहीत. गाडी कुठे अडकलीय याचा मला पत्ता नसला तरी "येईल इतक्यात" हे ठरलेलं असायचं, आणि कधी ना कधी गाडी यायचीच. घरीही तोच खाक्या. माझी बायको म्हणायची, "तुम्हाला काही विचारण्यात अर्थ नाही, तुम्ही लगेच उत्तर देता." हे मला कौतुक वाटायचं. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि ती काय म्हणत होती ते मला अगदी अलीकडे कळलं.

रुग्णवाहिकेसाठी फोन लावला की पलीकडून जो आवाज "बोला, काय झालंय?" असं विचारतो, तो आमच्या सूनबाईचा असू शकतो. ते तिचं काम. एकदा ती चष्मा घरी विसरली म्हणून मी तो द्यायला गेलो होतो. काचेपलीकडे टेबलांच्या रांगा, बसलेल्या प्रत्येकीपुढे संगणकाचे दोन दोन पडदे, कानांवर हेडफोन. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल, धावपळ असेल. तिथे बँकेतल्यापेक्षाही कमी आवाज होता. सूनबाई फोनवर होती आणि मला फक्त तिचीच बाजू ऐकू येत होती.

"अटॅक आहे का ते आपण नंतर बघू. तुम्हाला आत्ता काय दिसतंय ते सांगा." मग गप्प. "डोळे उघडे आहेत की मिटलेले?" मग गप्प. "आता छातीकडे बघा. बघताय? काय होतंय, सांगा मला."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पलीकडे कुणाचा तरी बाप मरायला टेकलाय आणि ही बाई त्याच्या मुलाची तोंडी परीक्षा घेतेय. संध्याकाळी मटार सोलताना मी तिला तसं बोलून दाखवलं.

"गाडी तेव्हा निघालेली असते अप्पा," ती म्हणाली. "ती वाटेत असताना मी विचारत असते."

"मग सरळ विचार ना. श्वास चालू आहे ना? संपलं."

"तसं विचारलं की लोक हो म्हणतात. घाबरलेल्या माणसाला हो म्हणायचंच असतं. म्हणजे माझंच उत्तर मी त्याच्या तोंडून ऐकायचं. आमच्याकडे शिकवतात, प्रश्नात उत्तर घालायचं नाही."

मग तिने त्यांच्याकडचा आणखी एक नियम सांगितला. फोन आपल्या घरचा निघाला तर हेडफोन काढून पलीकडच्या टेबलावरच्या शेजारणीला द्यायचा. आपण बोलायचं नाही.

"का? घरच्यांचा जीव स्वस्त असतो?"

"घरच्यांना आपण विचारत नाही, अप्पा. आपल्याला वाटतं, आपल्याला माहितीये."

"आम्हाला विचारून विचारून तू जीव नकोसा केलायस की," मी म्हणालो, आणि मटारचा एक दाणा तिच्या दिशेने उडवला. तिने तो पकडला आणि खाल्ला.

त्यानंतर काही दिवसांनीची गोष्ट. तिची सकाळची पाळी होती. मुलाला सुट्टी होती. तो एसी दुरुस्त करतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी घरातलं काहीतरी उघडून बसल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. तो स्टुलावर चढून पंख्याची पाती पुसत होता. मी अंघोळ करून शर्ट घातला तर वरून दुसरं बटण काही लागेना. बोटांत धरलं की सुटायचं. उत्तर माझ्याकडे तयार होतं. झोपेत हात अंगाखाली आला असणार, दुसरं काय. बटण उघडं ठेवून मी बाहेर आलो, पेपर चाळला, आणि जेवणाच्या आधी एक फेरी मारून यावी म्हणून बूट घालायला बसलो.

बुटाची लेस बांधायला घेतली. डाव्या हाताने फास धरला, उजव्याने दुसरं टोक गुंडाळायचं, तर उजव्या हाताने ते टोक नुसतं सोडून दिलं. परत धरलं, परत सोडलं. मी बोटांकडे बघत बसलो. माझीच बोटं, नखं परवाच कापलेली, पण ती माझं ऐकत नव्हती. घाईघाईने उभा राहायला गेलो आणि चपलांच्या मांडणीसकट खाली आलो.

मुलगा स्टुलावरून उडी मारून धावला. "अप्पा, पडलात? पाय घसरला का?"

"घसरला," मी म्हणालो.

"लागलं नाही ना?"

"नाही."

"चक्कर वगैरे नाही ना?"

"नाही."

बघा, सगळी उत्तरं त्यानेच दिली होती. मी फक्त शिक्के मारले. खिडकीत बसून जन्मभर तेच तर केलं होतं. त्याने मला उचलून खुर्चीत बसवलं आणि बायकोला फोन लावला. तिच्या कामाच्या नंबरवर नाही, तिच्या मोबाईलवर. तिची जेवणाची सुट्टी चालू होती. म्हणजे हा नवरा-बायकोचा फोन झाला. त्याला हेडफोनही नाही आणि शेजारीणही नाही.

"ऐक, अप्पा पडलेत. काळजीचं काही नाही. शुद्धीत आहेत, बोलतायत, श्वास नीट आहे, छातीत दुखत नाहीये, रक्त नाही, चक्कर नाही, डोकं आपटलेलं नाही. चपलांच्या मांडणीवर पाय घसरला."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिचे सगळे प्रश्न त्याला तोंडपाठ झाले होते. एकही विचारायची वेळ त्याने तिच्यावर आणली नाही. माझाच मुलगा तो. समोरच्याने तोंड उघडायच्या आत फलाट क्रमांकासकट सगळं सांगून मोकळा.

पलीकडून ती काय म्हणाली ते मला पुसट ऐकू आलं. "बरं. आडवं पडू दे त्यांना जरा. मी नंतर करते फोन." आणि फोन बंद.

माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. फौजदारणीने सोडून दिलं होतं. पण तसं झालं नाही. मला भीती वाटत होती. बटणाबद्दल मला माहीत होतं, लेसबद्दल मला माहीत होतं, आणि ते मला कुणी विचारत नव्हतं. तुम्ही म्हणाल, मग सांगायचं होतं. तेच तर माझ्याच्याने होईना. "पाय घसरला" हे एकदा बोलून बसल्यावर आता आपणहून ते मागे घ्यायचं म्हणजे फार मोठं काही होऊन बसेल असं वाटत होतं. कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. जन्मात पहिल्यांदा मला कुणीतरी खोदून खोदून विचारायला हवं होतं.

मुलाने पाठीशी टेकायला काही देऊ का म्हणून खूण केली. मी म्हणालो, "फलाट दे."

मला उशी म्हणायचं होतं.

तो हसला. "अप्पा, अजून नोकरी सुटली नाही तुमची." मी आयुष्यभर थट्टा करत आलेला माणूस, त्यालाही ती थट्टाच वाटली. मीही हसलो, पण हसू चेहऱ्याच्या एकाच बाजूला आल्यासारखं वाटलं. समोर आरसा नव्हता, आणि तो स्वयंपाकघरात चहा करायला वळला होता. मी मनातल्या मनात 'उशी' म्हणून बघितलं. मनात बरोबर आलं. मग हळूच ओठांनी म्हणून बघितलं, तर नुसती हवा बाहेर आली. एका पायात बूट, दुसरा पाय मोकळा, आणि भिंतीवरचं घड्याळ माझ्याकडे बघत होतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

चहा आला. मी तो डाव्या हाताने घेतला. मुलगा पुन्हा स्टुलावर चढला. तेवढ्यात फोन वाजला. त्याचे हात पंख्याच्या धुळीने माखलेले होते, म्हणून त्याने कोपराने दाबून स्पीकर सुरू केला.

"मघाशी मी तुला काही विचारलंच नाही," सूनबाई म्हणाली.

"मी सांगितलं की सगळं."

"तू सांगितलंस. मी विचारलं नाही. अप्पा आत्ता काय करतायत?"

"चहा पितायत. मस्त बसलेत."

"कप कुठल्या हातात आहे?"

मुलाने वरून माझ्याकडे बघितलं. त्याच्या हातातलं फडकं खाली पडलं. "डाव्या," तो म्हणाला.

"फोन त्यांच्याजवळ ने." तो खाली उतरला. "अप्पा, मी बोलतेय. तुम्ही आत्ता काय करताय?"

चहा पितोय, एवढंच तर म्हणायचं होतं. मी शब्द गोळा केले, नीट लावले आणि तोंड उघडलं. बाहेर आलं, "गाडी लागली. गाडी लागली."

पलीकडे कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज आला. त्यानंतर जी बोलली ती माझी सून होती, पण आवाज घरातला नव्हता. ती नवऱ्याला म्हणाली, "हा फोन बंद कर आणि आमच्या रुग्णवाहिकेच्या नंबरवर लाव. मी शेजारणीला सांगतेय, ती घेईल. ती विचारेल तेवढंच सांग. मनाचं काही घालू नको. नसेल माहीत तर माहीत नाही म्हण."

पुढचा आवाज अनोळखी होता. "बोला, काय झालंय?" आम्ही कोण, कुणाचे कोण, याचा त्यात लवलेश नव्हता. चेहऱ्याकडे बघा, काय दिसतंय. दोन्ही हात वर करायला सांगा, काय होतंय. मुलगा एकेक करून बघत होता आणि बघितलेलं सांगत होता, आणि सांगता सांगता त्याच्या तोंडचं पाणी पळत होतं. माझा उजवा हात वर आला आणि पाण्यात बुडाल्यासारखा आपोआप खाली गेला. मीही तो बघितला.

"त्यांना अगदी व्यवस्थित असं शेवटचं कधी पाहिलंत?" शेजारणीने विचारलं.

"आत्ताच पडले ना, अर्धा तास..." मुलगा म्हणाला आणि थांबला. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. "माहीत नाही," तो म्हणाला. "मी बघितलंच नाही." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्याने मला विचारलं, "अप्पा, कधीपासून?"

अखेर कुणीतरी विचारलं होतं. शब्दांच्या वाटेला मी गेलोच नाही. कप खाली ठेवला आणि डाव्या हाताने शर्टाचं उघडं बटण धरून त्याला दाखवलं. तो बघत राहिला. सकाळपासून ते उघडंच होतं आणि सकाळपासून मी त्याच्या डोळ्यांसमोर होतो.

"अंघोळीनंतर," तो फोनमध्ये म्हणाला. "शर्ट घालायच्या वेळेपासून. बटण लागलं नाही त्यांना." एवढं बोलून तो रडायला लागला, आणि शेजारणीने त्याला रडू दिलं नाही. दार उघडून ठेवलंय का, जिन्यात काही आड येतंय का, ते बघा म्हणाली.

गाडी येईपर्यंतचा वेळ मी सांगत बसत नाही. गाडी येईल इतक्यात, हे वाक्य मी हजारो लोकांना ऐकवलंय. ते ऐकून खिडकीसमोरून हलणाऱ्या माणसाच्या जिवाचं काय होत असेल, ते त्या दिवशी मला समजलं. जिन्यात पाऊल वाजलं की मी दाराकडे बघायचो.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात गुठळी झाली होती, वेळेत आलात, आणि कधी सुरू झालं ते नीट सांगता आलं म्हणून औषध देता आलं. नाहीतर, एवढं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. सूनबाई तेवढ्यात पोचली होती. केसांवर हेडफोनच्या पट्टीचा दबलेला ठसा तसाच होता. तिने डॉक्टरांना इतकं विचारलं की शेवटी ते खुर्ची ओढून बसले. माझ्याकडे मात्र ती बघत नव्हती. पायाशी उभी राहून चादर सारखी करत होती, परत परत.

मी घरी आलो. उजवा हात हळूहळू ऐकायला लागला, बोलणं परत यायला लागलं, पण उशिरा धावणाऱ्या गाडीसारखं. शब्द निघतो आणि वाटेत कुठेतरी थांबतो. मुलाला ते थांबणं सहन होत नाही, तो माझा शब्द पुरा करतो. दहातल्या सात वेळा चुकीचा करतो. पाणी म्हणायचं असतं आणि पांघरूण येतं अंगावर. आता त्यात त्याचं काय चुकलं म्हणा, रक्त कुठे जाणार.

सूनबाई थांबते. मी पहिलं अक्षर उच्चारलं की हातातलं काम तसंच ठेवून थांबते, माझ्या तोंडाकडे न बघता. पण तिचं विचारणं बंद झालं होतं. झोप कशी लागली, नाही. किती वेळा उठलात, नाही. चहा पुढे ठेवायची आणि जायची. येणारा-जाणारा प्रत्येकजण तिला म्हणायचा, तुझ्यामुळे वाचले गं सासरे. ती मान हलवायची आणि कपबशा उचलून आत जायची. माझंही म्हणून झालं होतं. पुरं वाक्य जमवून म्हटलं होतं, "तुझ्या... मुळे वाचलो." तिने त्यालाही मान हलवली होती. रात्री तिच्या खोलीतला दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. तिचं वजन उतरलं होतं. मुलगा म्हणाला, दमली असेल. मला ते पटलं नाही. माझं दुखणं ओसरत होतं आणि या मुलीचं वाढत होतं, आणि माझा सगळा जीव आता तिच्यापाशी टांगणीला लागला होता.

एका सकाळी तिने मला फिरायला न्यायचं ठरवलं. मी खुर्चीत बसलो, ती जमिनीवर बसून माझ्या बुटाची लेस बांधू लागली. फास केला, सुटला. परत केला, परत सुटला. तिच्या हातांना तर काही झालेलं नव्हतं. वरून मला फक्त तिचा भांग दिसत होता.

माझ्याकडे उत्तर होतंच. दमलीयस, चार दिवस रजा काढ, सगळं ठीक होईल. पण ते जिभेपर्यंत यायला इतका वेळ लागला की मधल्या मधे मला ते उत्तर नीट दिसलं, आणि मी ते तिथेच गिळलं. त्याच्या जागी ती रोज अनोळखी लोकांना जे विचारते ते विचारलं.

"काय... झालंय?"

तिने लेस सोडली नाही. वर बघितलं नाही.

"मी डबा खाल्ला, अप्पा."

मी पाय तसाच तिच्या हातात राहू दिला.

"त्याचा फोन ठेवला आणि मी डबा खाल्ला. सगळा. मग डबा धुतला. शेजारणीशी गप्पा मारल्या. तिला म्हटलं, सासरे पडले, पण ठीक आहेत. ती म्हणाली, कसे पडले? आणि मला सांगता येईना. मी विचारलंच नव्हतं. तिने नसतं विचारलं तर मी पुढचा फोन घेतला असता. दिवसभर सगळ्यांना विचारत बसले असते." तिने लेस परत ओढली. "तुम्ही तिकडे तसे बसला होतात आणि मी डबा पुसून कोरडा केला."

अगं, त्यात काय एवढं. हे वाक्य माझ्या घशात आलं होतं. जीभ पूर्वीची असती तर ते केव्हाच बाहेर पडून गेलं असतं, आणि तिने त्यालाही मान हलवली असती. माझी जीभ आता जड झालीय. त्याबद्दल मी त्या दिवशी पहिल्यांदा देवाचे आभार मानले.

मी थांबलो. मग उजवाच हात, मुद्दाम उजवाच, उचलून कसाबसा तिच्या डोक्यावर नेला आणि विचारलं,

"मग?"

ती माझ्या बुटावर डोकं टेकून रडली आणि बोलत राहिली. फिरायला आम्ही त्या दिवशी गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा पुढे ठेवला, जायला वळली, दारात थांबली आणि म्हणाली, "अप्पा, किती वेळा उठलात?"

मी आठवायला लागलो. मला वेळ लागला. ती दारात उभी राहिली.